टॅक्स कमी झाला, तरी गाडीची बॅटरी महाग का? बिल वाचा, मग हिशेब कळेल

बुऱ्हाणपूर : थंडीतली सकाळ. रावेरला लग्नाला निघायचं होतं. घरचे सगळे तयार होऊन गाडीत बसले, मी चावी फिरवली आणि गाडी नुसती ‘टक टक’ करून गप्प. गल्लीतल्या चार पोरांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली, तशीच बॅटरीच्या दुकानावर नेली. दुकानदार म्हणाला, "भैया, बैटरी बैठ गई. नई डालनी पड़ेगी." घाईत होतो. नवी टाकली, पैसे दिले, निघालो. लग्न गाठलं.

घरी आल्यावर मागच्या बॅटरीचं जुनं बिल शोधलं. गाडी तीच, बॅटरीचा साइजही तोच, पण पैसे बरेच जास्त गेले होते. शिवाय जुनी बॅटरी मी दुकानातच सोडून आलो होतो, तिचा भाव विचारलाच नव्हता. आम्ही बी.कॉम. झालेली माणसं, लोकांना हिशेब शिकवतो, आणि स्वतःच्या गाडीपाशी फसतो. म्हणून बॅटरीचा पैसा नेमका कुठे जातो, ते नीट मांडून बघितलं. इच्छापूरच्या नाक्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्हीकडच्या वाचकांच्या कामाला येईल.

टॅक्स तर कमी झालाय

आधी चांगली बातमी. गाडीच्या नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. हिशेबाला सोपं जावं म्हणून टॅक्स सोडून बॅटरीची किंमत ४००० रुपये धरू. आधी त्यावर ११२० रुपये टॅक्स लागून ५१२० व्हायचे. आता ७२० रुपये लागून ४७२० होतात. म्हणजे ४०० रुपये वाचले.

आपल्याकडे नेहमी विचारतात, "भाऊ, महाराष्ट्रातून घेतली तर स्वस्त पडेल का?" २०१७ च्या आधी या प्रश्नात दम होता. मध्य प्रदेशात वेगळा व्हॅट आणि वर प्रवेश कर, महाराष्ट्रात त्यांचा वेगळा व्हॅट. आता जीएसटीचा दर दोन्हीकडे एकच आहे. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून त्याचे भाव राज्य बदललं की बदलतात. बॅटरीचं तसं नाही. रावेर, मुक्ताईनगर आणि बुऱ्हाणपूरच्या भावात फरक दिसलाच, तर तो दुकानदाराच्या मार्जिनचा असतो. त्यासाठी मुद्दाम तेल जाळून जाऊ नका. कामाने गेलाच असाल तर विचारून घ्या, एवढंच.

मग वाढलं काय? शिसं, डॉलर आणि अँटिमनी

छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण दहा किलोच्या आसपास भरते. त्यातलं अर्ध्याहून जास्त वजन शिशाचं. आपण सहा किलो धरू. बाकी गंधकाचं अ‍ॅसिड आणि प्लास्टिकचा डबा.

शिशाचा भाव जगाच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. गंमत अशी की गेली आठ-दहा वर्षं वर-खाली होऊनही हा भाव टनाला २००० डॉलरच्या आसपासच घुटमळतोय. वाढलाय तो डॉलर. २०१७ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या घरात होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० चा आकडा ओलांडला. म्हणजे तेच २००० डॉलरचं शिसं आधी किलोला १३० रुपये पडायचं, ते आता १८० रुपये पडतं. सहा किलोला ३०० रुपयांचा फरक. शिसं देशात तयार झालेलं असो की भंगारातून काढलेलं, भाव याच हिशेबाने लागतो.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. टॅक्समध्ये ४०० रुपये सुटले, त्यातले ३०० एकट्या शिशाने परत घेतले.

दुसरी गोष्ट अँटिमनी नावाच्या धातूची. शिसं मऊ असतं, त्याला कडकपणा यावा म्हणून बॅटरीच्या काही भागांत थोडी अँटिमनी मिसळतात. या धातूचा मोठा पुरवठा चीनकडून होतो. चीनने १५ सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जगभर भाव कित्येक पटींनी चढले. बॅटरीत ती लागते थोडी, पण तिच्याशिवाय भागत नाही. त्यात अ‍ॅसिड, प्लास्टिक, मजुरी, गाडीभाडं हे सगळं जोडा.

तिसरी गोष्ट आपल्या गाडीचीच. सिग्नलवर थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं, अशा गाड्या आता भरपूर आल्यात. दिवसात चार वेळा लागणारा सेल तिथे चाळीस वेळा लागतो. साधी बॅटरी ते सोसत नाही. त्यासाठी ईएफबी किंवा एजीएम नावाची मजबूत बॅटरी येते आणि ती साधीपेक्षा बरीच महाग असते. पैसे वाचवायला तिथे साधी टाकली तर चालते, पण फार दिवस नाही. जुनी गाडी विकून नवी घेतलेल्यांना पहिल्या बॅटरीच्या वेळी झटका बसतो, तो यामुळे.

जुनी बॅटरी म्हणजे भंगार नाही, रोकड आहे

माझी चूक इथेच झाली. शिसं महागलं म्हणून नवी बॅटरी महाग, हे खरं असेल तर जुन्या बॅटरीतही तेवढंच शिसं आहे. मग तिचाही भाव वाढायला हवा. बॅटरी ‘बसते’ म्हणजे शिसं संपत नाही. ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं.

म्हणून दुकानात आधी नव्या बॅटरीचा भाव घ्या, मग जुनीचा वेगळा विचारा. दोन्ही एकत्र करून "तुम्हाला इतक्यात बसवून देतो" म्हटलं की आपल्याला काही कळत नाही. दोन-तीन दुकानांत फोन केला तरी जुनीच्या भावातला फरक समजतो.

बिलात ते असं दिसायला हवं : बॅटरी ४००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२०, एकूण ४७२०. त्यातून जुनी बॅटरी वजा, समजा ८०० रुपये. हातातून जाणार ३९२० रुपये. काहींना वाटतं की जुनी दिली, म्हणजे टॅक्स ३२०० वरच लागायला पाहिजे. तसं नाही. जीएसटीच्या नियम २७ प्रमाणे अदलाबदलीत टॅक्स नव्या वस्तूच्या पूर्ण बाजारभावावर लागतो. नियमात मोबाइलचं उदाहरणच दिलंय : जुना फोन देऊन नवा २० हजारांत घेतला, पण तोच फोन अदलाबदलीशिवाय २४ हजारांचा असेल, तर टॅक्ससाठी किंमत २४ हजारच धरायची. त्यामुळे दुकानदाराने पूर्ण रकमेवर टॅक्स लावला तर तो फसवत नाहीये.

"बिल नको, टॅक्सचे पैसे वाचतील" असं कोणी म्हटलं तर मात्र थांबा. ७२० रुपये वाचवायच्या नादात वॉरंटी जाते.

‘१८ + १८’ म्हणजे ३६ महिने फुकट नाही

वॉरंटी कार्डावर ‘१८ + १८’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कुठे त्याहून जास्त. पहिल्या १८ महिन्यांत बॅटरीत कारखान्याचा दोष निघाला तर नवी फुकट. पुढच्या १८ महिन्यांत फुकट नाही, फक्त सूट. आणि ती सूट मिळते एमआरपीवर, तीसुद्धा त्या दिवशीच्या एमआरपीवर.

आता डाव बघा. समजा एमआरपी ५५०० आहे आणि तुम्हाला २० टक्के सूट बसली. म्हणजे ४४०० रुपये द्यायचे. शिवाय वॉरंटीत दिलेली जुनी बॅटरी पुष्कळदा कंपनीकडेच राहते, तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत. उलट तीच बॅटरी बाजारात ४७२० ला आहे आणि जुनीचे ८०० सुटतात, म्हणजे ३९२० रुपयांत पडते. वॉरंटीतून घेतली तर ४८० रुपये जास्त! सूट मोठी असेल तर गणित फिरतं, पण कागदावर मांडल्याशिवाय "वॉरंटीत बसली" म्हणून खूश होऊ नका.

इंदूर किंवा जळगावहून बॅटरी घेणाऱ्यांनी एक विचारून घ्यावं : आपल्या गावात त्या कंपनीचा डीलर वॉरंटी बघतो का? कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख, गाडीचा नंबर हवा. काही कंपन्यांत मोबाइलवरून नोंदणीही लागते. टॅक्सी परमिटच्या गाडीला मुदत बऱ्याचदा कमी असते. बुऱ्हाणपूर-रावेर, बुऱ्हाणपूर-भुसावळ फेऱ्या मारणाऱ्या भावांनी हे आधी वाचावं.

आपल्याकडे बॅटरी लवकर का जाते?

लोक म्हणतात, थंडीने बॅटरी बसली. खरा मार बसलेला असतो उन्हाळ्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो आणि बॉनेटखाली तर त्याहून जास्त तापतं. बॅटरीच्या आत रसायनाचं काम चालू असतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आतल्या जाळ्या झिजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात अर्धमेली झालेली बॅटरी डिसेंबरच्या सकाळी, इंजिन ऑइल घट्ट असताना, उचल खात नाही. आपण नाव थंडीचं घेतो.

दुसरं कारण, गाडी उभी राहणं आणि छोट्या फेऱ्या. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर, एवढंच चाललं तर सेल मारताना गेलेला करंट भरून निघत नाही. गाडी उभी असतानाही घड्याळ, अलार्म, जीपीएस थोडा थोडा करंट खात असतात. ३५ एएचच्या बॅटरीतून ५० मिलिअँपिअर जरी जात राहिले तरी महिनाभरात ती रिकामी होते. पुण्या-सुरतेला नोकरीला असलेल्या पोरांच्या गाड्या इकडे घरी झाकून ठेवलेल्या असतात, त्यांचं हेच होतं. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी फिरवून आणायला घरच्यांना सांगा. नुसती जागेवर चालू करून बंद करणं उपयोगाचं नाही.

बदलण्याआधी पाच मिनिटं

प्रत्येक ‘टक टक’ म्हणजे बॅटरी गेली असं नाही. आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर करंट जात नाही. गाडी बंद करून, खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने साफ करा, घट्ट बसवा.

मग मेकॅनिककडून मीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आले तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकामी आहे म्हणून खराब आहे असं नाही. चार्जिंगला लावून, दुसऱ्या दिवशी लोड टेस्ट करून मगच ठरवा. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. नव्या गाड्यांत हा आकडा थोडा वर-खाली होतो. पण तो १२ च्या घरातच राहिला तर अल्टरनेटर किंवा पट्टा तपासा. नाहीतर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल.

नवी घेताना तिच्यावरची तयार झाल्याची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या. सहा महिन्यांहून जास्त दुकानात पडलेली घेऊ नका.

आणि हिशेब नेहमी महिन्याचा करा. ३९२० रुपयांची बॅटरी चार वर्षं चालली तर महिन्याला ८२ रुपये पडतात. दोन वर्षांत गेली तर १६३. शंभर-दोनशेची घासाघीस करण्यापेक्षा ती दोन वर्षं जास्त चालवण्यात जास्त पैसा आहे.

शेवटचं, पण पैशापेक्षा मोठं

जुनी बॅटरी शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून कुठेही देऊ नका. उघड्यावर बॅटरी फोडली की अ‍ॅसिड नाल्यात जातं आणि शिशाची धूळ मातीत बसते. ते शिसं सगळ्यात आधी लहान मुलांच्या अंगात जातं, त्यांच्या मेंदूवर परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे. अनौपचारिक बॅटरी फोडणं हे त्याचं एक मोठं कारण.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यातच वितळवून घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. आपण जुनी बॅटरी डीलरलाच, बिलात दाखवून दिली, तर ती त्या वाटेला लागण्याची शक्यता वाढते. तापीचं पाणी आपणच पितो, आणि पुढे नदी महाराष्ट्रातच जाते.

माझी जुनी बॅटरी कुठे गेली, मला माहीत नाही. पुढच्या वेळी बिलावर तिची ओळ असेल.