छकुलीची पहिली सतार



साताऱ्याहून फोन आला. धाकटी बहीण, वय वर्षे सात : "ताई, मला सतार पाहिजे!" आई म्हणाली, "मोठीच घे, वाढत्या अंगाला होईल."

सांगलीत राहून मिरजेला न जाणं म्हणजे पापच. रविवारी सतारमेकर गल्ली गाठली. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. पण भोपळ्याची पूर्ण सतार जवळजवळ चार फुटांची. छकुली तिच्यामागे लपेल! वरच्या पडद्यांपर्यंत हात पोचणार नाही, पोलादी तारा बोटांत रुततील त्या वेगळ्याच.

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. तीच तार, तोच सूर, लांबी मात्र निम्मी केली, तर ताण एक चतुर्थांश लागतो. म्हणून लहान वाद्य बोटांना हलकं जातं. व्हायोलिनसुद्धा मुलांसाठी पाव, अर्धं अशा मापांत मिळतं. सतारही लहान आकाराची करतात.

हे मी का सांगतेय? आठव्या वर्षी मला मोठ्यांची गिटार आणली होती. बोटं सोलली, दोन महिन्यांत गिटार माळ्यावर गेली. "हिला संगीत जमत नाही" हा शिक्का मात्र अजून आहे. चूक मापाची होती, माझी नव्हे.

तेव्हा आधी शिकवणारे गुरुजी शोधा, मग मुलाला दुकानात नेऊन वाद्य मांडीवर देऊन बघा, पैसे शेवटी. दिवाळीत छकुलीला मिरजेला आणतेय. सतार तिची, मापही तिचंच!