कागदाची घडी आणि भूमितीची गोडी

भूमितीचे प्रमेय फळ्यावर सिद्ध होते, वहीत उतरते; परंतु त्याची प्रचीती विद्यार्थ्याच्या हाताला क्वचितच येते. ही उणीव भरून काढण्यास ओरिगामी ही जपानची पारंपरिक कागदकला उपयुक्त ठरते. ‘ओरि’ म्हणजे घडी आणि ‘कामि’ म्हणजे कागद.

भारतास हा विचार नवा नाही. घड्यांच्या साहाय्याने भूमिती शिकविणारा टी. सुंदर राव यांचा इंग्रजी ग्रंथ मद्रास येथे १८९३ साली प्रसिद्ध झाला. बालवाडीतील कागदकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. अलीकडच्या काळात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी कागद व टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविण्याचे मोठे कार्य केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते येथील शाळा असो वा माळशिरस तालुक्यातील एखादी वस्तीशाळा, पुढील प्रयोग कोठेही करता येईल. चौरस कागदाच्या वरच्या बाजूचा मध्यबिंदू काढावा. खालचा उजवा कोपरा त्या बिंदूवर आणून घडी दाबावी. दुमडलेली तळाची कडा डाव्या बाजूस जेथे छेदते, तेथून खाली त्या बाजूचा नेमका एक तृतीयांश भाग उरतो. वर उजवीकडे जो काटकोन त्रिकोण दिसतो, त्याच्या बाजू ३ : ४ : ५ या प्रमाणात असतात. पाया आखताना गवंडी काटकोन साधण्यासाठी हेच प्रमाण वापरतो. जपानी अभ्यासक काझुओ हागा यांच्या नावाने ही घडी ओळखली जाते. लहान वर्गात ती मोजून पाहावी. वरच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धांत व समरूप त्रिकोण यांच्या आधारे सिद्ध करावी.

या कलेचे क्षेत्र शाळेपुरते मर्यादित नाही. जपानचे शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या घडीचा उपयोग १९९५ साली अंतराळात पाठविलेल्या यानाच्या सौर फलकासाठी झाला. तावासारखा विस्तृत फलक लहान जागेत मावावा व सहज उलगडावा, हे त्या घडीचे मर्म.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कलासमन्वित अध्ययनावर भर देण्यात आला आहे. त्यासाठी महागड्या साहित्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. केंद्रस्तरीय बैठकीत शिक्षकांनी अशा घड्या स्वतः करून पाहाव्यात, चित्रकला व गणित यांचे तास जोडून घ्यावेत आणि पंचायत सदस्यांनी कार्यालयातील एका बाजूने कोरे कागद शाळेस द्यावेत. खर्च नाममात्र आहे. लाभ मात्र, भूमितीची धास्ती घेतलेल्या प्रत्येक मुलाचा आहे.