गायकाची पट्टी आणि बेस गिटारीची निवड

गिरगावातल्या फणसवाडीच्या दक्षिणेला, चालत जाण्याइतक्या अंतरावर असलेला धोबीतलावचा परिसर ही मुंबईतल्या पाश्चात्त्य वाद्यांची जुनी पेठ आहे. १८६५ पासूनचा वारसा सांगणारे फुर्टाडो हे वाद्यांचे दुकान येथलेच, आणि गोव्यातून कामधंद्यासाठी आलेल्यांना गावानुसार आसरा देणारे कूड, म्हणजे सामायिक निवासाचे क्लब, जेर महालसारख्या इमारतींमध्ये वसले तेही येथेच. त्या गोमंतकीय वस्तीतून आणि चर्चच्या संगीतशिक्षणातून तयार झालेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला व्हायोलिनपासून ट्रम्पेटपर्यंतची बहुतेक पाश्चात्त्य वाद्ये पुरवली. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुल देव बर्मन यांची गाणी ध्वनिमुद्रित होत असताना त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ हे त्याच परंपरेतले. असे असूनही या परिसरातला एखादा तरुण आज पहिली बेस गिटार घ्यायला निघतो तेव्हा त्याला मिळणारा सल्ला बहुधा अमेरिकेतल्या रॉक वादकासाठी तयार झालेला असतो, आणि त्या सल्ल्यात दोन गोष्टी हटकून राहून जातात: ज्या गायकाला साथ करायची त्याची पट्टी कोणती, आणि ज्या खोलीत सराव करायचा ती खोली केवढी.

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य आहे. सामान्य गिटारीच्या सहा तारांपैकी खालच्या सुरांच्या चार तारा घेऊन त्या प्रत्येकी एक सप्तक खाली उतरवल्या की बेस गिटारीची नेहमीची जुळणी तयार होते, आणि हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर त्या चार तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे अनुक्रमे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या सुरांत लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात आणि सर्वांत बारीक तारेची ९८. कंपनांची ही संख्या हर्ट्झ या एककात मोजतात. बेस गिटार येण्यापूर्वी हे काम डबल बेस या माणसाहून उंच, उभे धरून वाजवायच्या वाद्याकडे होते, ज्याच्या मानेवर पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणे सर्वस्वी वादकाच्या बोटांवर अवलंबून असे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये भरीव लाकडाची, विजेवर चालणारी आणि धातूचे पडदे बसवलेली बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून तिला प्रिसिजन हे नाव मिळाले. पडदे असलेला विजेवरचा बेस त्याआधी, १९३० च्या दशकात, सिअॅटलमध्ये पॉल टटमार्क यांनीही तयार केला होता, पण बाजारात रुजला तो फेंडर यांचा नमुना.

आज दुकानात टांगलेल्या बहुसंख्य बेस गिटारी, त्यांवर नाव कोणाचेही असो, फेंडर यांच्याच दोन नमुन्यांच्या वंशातल्या असतात. तारांखाली बसवलेला, लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेला भाग म्हणजे पिकअप. तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेढ्यांमध्ये अल्पसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अॅम्प्लिफायर तो मोठा करतो. १९५७ पासूनच्या प्रिसिजनमध्ये असा एकच पिकअप दोन तुकड्यांत विभागून बसवलेला असतो आणि त्याचा आवाज भरदार, एकरंगी व ठाम असतो. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसमध्ये दोन स्वतंत्र पिकअप असतात, त्यांपैकी घोडीजवळचा टणत्कार देतो आणि मानेजवळचा गोलाई, व दोहोंचे प्रमाण बदलून अनेक छटा मिळवता येतात. जॅझ बेसची मान टोकाशी सुमारे ३८ मिलिमीटर रुंद, तर प्रिसिजनची ४१ ते ४४ मिलिमीटर. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक लहान पंजाच्या वादकाला तासाभरात मनगटात जाणवतो. तिसरे घराणे १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून सुरू होते, ज्यात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे परिपथ गिटारीतच बसवून खालचे व वरचे सूर वादकाला हवे तसे उचलता येतील अशी सोय केली गेली. अशा वाद्याला अॅक्टिव्ह म्हणतात आणि बॅटरी नसलेल्याला पॅसिव्ह. अॅक्टिव्ह बेसच्या विक्रेत्याने सहसा न सांगितलेली गोष्ट अशी की वायर खोचलेली राहिली तर वाद्य न वाजवताही बॅटरी उतरत राहते, आणि कार्यक्रमाच्या ऐन मध्यात ती संपली तर बहुतेक नमुन्यांतून आवाज येणेच बंद होते. यामाहाची टीआरबीएक्स, आयबानेझची एसआर किंवा फेंडरचेच स्वस्त भावंड असलेले स्क्वायर यांतून निवड करताना नावापेक्षा ते वाद्य या तीन घराण्यांपैकी कोणत्याकडे झुकते हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

मराठी वा हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात गायक आधी आपली पट्टी सांगतो, म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर धरायचा ते ठरवतो, आणि उरलेल्या वाद्यवृंदाने ती निमूटपणे स्वीकारायची असते. पुरुष गायकांच्या पट्ट्या पुष्कळदा पांढरी एक ते काळी दोन या टापूत येतात, आणि चार तारांच्या बेस गिटारीची अडचण नेमकी तेथे उभी राहते, कारण तिचा सर्वांत खालचा सूर पांढरी तीन हा आहे. काळी एकच्या पट्टीत त्या वाद्यावर मिळणारा सर्वांत खालचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर, ६९ हर्ट्झवर असतो, आणि त्याच्या खाली उतरू गेल्यास मोकळ्या जाड तारेवर, म्हणजे त्या पट्टीच्या कोमल गंधारावर, जमीन संपते. त्याखालचा ३५ हर्ट्झच्या आसपासचा षड्ज वाद्यात नाहीच. काळी दोनच्या पट्टीत तर तो अवघ्या एका स्वराने हुकतो. पंचमावरून खाली सरकत षड्जावर विसावणारी चाल अशा वेळी अर्ध्यावरून उलटी फिरवून वरच्या षड्जावर न्यावी लागते, आणि जाणत्या श्रोत्याला कारण कळले नाही तरी काहीतरी निसटल्याचे कळते. स्त्री गायकांच्या काळी चारसारख्या पट्टीत हा प्रश्न जवळजवळ येत नाही, कारण तेथला षड्ज सर्वांत जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर, ५२ हर्ट्झवर, सहज मिळतो आणि त्याच्या खाली निषाद व धैवतही शिल्लक राहतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे पाच तारांची बेस गिटार. तिच्यात पांढरी सातच्या सुरातली, ३१ हर्ट्झची आणखी एक जाड तार असते, आणि पुरुषांच्या वर सांगितलेल्या सर्व पट्ट्यांचे खालचे षड्ज त्या तारेच्या पहिल्या चार पडद्यांत येऊन बसतात. मात्र ही तार लांबीच्या मानाने ढिली असल्यामुळे स्वस्त वाद्यांत तिचा सूर लिबलिबीत व धूसर येतो, आणि म्हणून काही उत्पादक पाच तारांच्या वाद्यात तारेची लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३५ इंच ठेवतात. शिवाय लहान स्पीकर ३५ हर्ट्झ मुळात वाजवूच शकत नाही, तेव्हा तो सूर ऐकल्याचा भास कानाला केवळ त्याच्या वरच्या संवादी कंपनांवरून होतो. वाद्यवृंदात नियमित साथ करणाऱ्याने चांगल्या दर्जाची पाच तारांची गिटार घ्यावी हे रास्त आहे, परंतु तेवढ्याच पैशांत मिळणारी सुमार पाच तारांची आणि उत्तम चार तारांची यांत निवड असेल तर नवशिक्याने दुसरीच घ्यावी. तिच्यावर सर्वांत बारीक तार काढून टाकून, जाडीच्या बाजूला पांढरी सातची तार चढवता येते; त्यासाठी मानेच्या टोकावरच्या, तारा ज्यांत बसतात त्या खाचा कानशीने किंचित रुंद कराव्या लागतात, आणि वरचे सूर गमावल्याचे दुःख साथसंगत करणाऱ्याला फारसे होत नाही.

चाळीतली खोली हा दुसरा प्रश्न. मोकळ्या जाड तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक असते, आणि गिरगावातल्या जुन्या चाळीची दहा बाय बाराची खोली लांबीला पावणेचार मीटरही भरत नाही. समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर लहरीच्या लांबीच्या निम्मे झाले की तो सूर खोलीत घुमू लागतो. बारा फुटांच्या अंतरात हे ४७ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे काळी तीन व पांढरी पाच यांच्या मधोमध घडते, आणि दहा फुटांत ५७ हर्ट्झजवळ, पांढरी सहा व काळी पाच यांच्या दरम्यान. परिणामी त्या सुरांजवळ गिटार अकारण गरजते, शेजारचे सूर पातळ लागतात, आणि दोष वाद्याचा समजून ते परत करण्याची वेळ येते, जरी तो दोष निव्वळ भिंतींचा असतो. हेच खर्जाचे सूर सामायिक भिंतीतून आणि लाकडी तक्तपोशीतून शेजाऱ्याकडे बिनदिक्कत पोचतात, कारण कंपने जितकी मंद तितकी भिंत त्यांना कमी अडवते. म्हणूनच अशा घरात मोठ्या अॅम्प्लिफायरवर खर्च करण्याऐवजी हेडफोनचा लहान अॅम्प्लिफायर घेऊन वाचलेले पैसे गिटारीत घालणे शहाणपणाचे, आणि त्याचा फायदा असा की हेडफोनमध्ये खोलीचे घुमणे शिरत नाही व वाद्याचा खरा आवाज कानी पडतो.

जागेचा विचार करता लहान लांबीच्या बेस गिटारीही पाहण्याजोग्या आहेत. १९६६ चा फेंडर मस्टँग ३० इंची तारेचा आहे, आणि बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे गाजलेला, व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफनर ५००/१ हाही त्याच आकाराच्या जवळपासचा. सूर व तार तीच ठेवून लांबी ३४ वरून ३० इंचांवर आणली तर तारेवरचा ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे बोटांना श्रम कमी पडतात, आवाज अधिक गोल व मऊ येतो, आणि चर्नी रोडच्या गर्दीत पाठीवर जवळजवळ चार फुटांचे ओझे सांभाळण्याचा ताप काही इंचांनी हलका होतो. मात्र पांढरी सातची तार अशा वाद्यावर चढवण्याच्या भानगडीत पडू नये.

विजेचा त्रास हा मुंबईत वेगळा विषय आहे. एकेरी वेढ्याचा पिकअप घरातल्या तारांचे चुंबकीय क्षेत्रही ओढून घेतो आणि गुणगुण सुरू होते. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे या गुणगुणीचा मूळ सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, आणि जुन्या वायरिंगच्या चाळीत किंवा गणेशोत्सवातल्या तात्पुरत्या जोडणीच्या मंडपात ती ऐन वादनात कानाला खुपते. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांतले वेढे परस्परविरुद्ध दिशांनी दिलेले असल्यामुळे ही गुणगुण आपोआप रद्द होते. जॅझ बेसमध्ये ती दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर ठेवले तरच जाते, म्हणजे एकट्या पिकअपच्या ज्या छटांसाठी तो विकत घेतला त्याच वापरताना ती परत येते. या एका कारणासाठीही गिरगावातल्या पहिल्या खरेदीदाराला प्रिसिजनच्या वळणाचे, बॅटरीविरहित वाद्य अधिक मानवेल.

दुकानात गिटार पारखताना रंग व लाकडाच्या चर्चेत फार गुंतू नये. भरीव शरीराच्या विजेवरच्या वाद्यात त्याचा वाटा जाहिरातीत सांगतात त्याहून पुष्कळ कमी असतो. मान मात्र बारकाईने पाहावी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरली असता मधल्या पडद्यांपाशी तार व पडदा यांत जाडसर कागद सरकेल एवढीच फट दिसावी. फट फार मोठी असेल तर मान पुढे वाकलेली आहे. हा वाक मानेच्या पोटात बसवलेली ट्रस रॉड नावाची पोलादी सळई पाव फेऱ्याने फिरवून दुरुस्त करता येतो, पण ती आधीच शेवटपर्यंत आवळलेली आढळली तर ते वाद्य स्वस्त असले तरी सोडून द्यावे. त्यानंतर प्रत्येक तारेच्या बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो का ते ट्यूनरवर पाहावे, आणि बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्यांवर सूर किती वेळ टिकतो तेही ऐकावे, कारण फेंडरच्या वळणाच्या गिटारींत मानेच्या स्वतःच्या कंपनांमुळे तेथे सूर लवकर मरण्याची खोड असते, आणि पांढरी एक व पांढरी दोन या पट्ट्यांचे वरचे षड्ज नेमके त्याच पडद्यांवर येतात.

जुने वाद्य घेणाऱ्याने हीच तपासणी पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करता आली तर उत्तम, कारण जुलैच्या दमट हवेत फुगलेले लाकूड आणि मे महिन्यातले लाकूड एकाच मानेला वेगवेगळा बाक देतात. ते शक्य नसेल तर विक्रेत्याकडून निदान तारा बदलून घ्याव्यात, कारण समुद्रावरच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या तारांवर कोणतीही बेस गिटार तिच्या खऱ्या लायकीपेक्षा वाईटच वाजते, आणि तेवढ्या कारणाने तिची किंमत पाडून मागण्याचा ग्राहकाचा हक्क मात्र अबाधित राहतो.