खजूर हातात, रॉड छातीवर

रात्रीचे सव्वादहा वाजलेले असतात. तरावीहची नमाज आटोपून मशिदीतून बाहेर पडलेली चार-सहा पोरे थेट घरी जात नाहीत. ती गल्लीच्या टोकाला असलेल्या जिमचा जिना चढतात. टोपी घडी होऊन खिशात जाते, कुर्त्याच्या जागी टी-शर्ट येतो. एरवी दहाला बंद होणारी जिम रमजानात बारापर्यंत उघडी ठेवायची, हे मुस्लिम वस्तीतल्या जिमचालकांना आता सांगावे लागत नाही. सोमवार असेल तर बेंच प्रेसच्या बाकाभोवती गर्दी ठरलेली. सोमवार म्हणजे छातीचा वार, हा जिमच्या जगातला अलिखित नियम रमजानातही मोडत नाही.

व्यायाम आणि हा महिना यांचे नाते तसे जुने आहे. आपल्या मराठी मातीतल्या व्यायामाची निम्मी भाषा अरबी-फारसीतून आलेली आहे. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे आखाडा. ‘कसरत’चा मूळ अरबी अर्थ विपुलता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, भरपूर वेळा करणे, ती कसरत. पैलवान, वस्ताद, खुराक हे शब्दही तिकडचेच. कोल्हापूरच्या कितीतरी तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. रोजा ठेवणारा पैलवान आणि त्याच्याशी झोंबणारा उपवासकरी पैलवान एकाच लाल मातीत घडले.

आता मातीच्या जागी रबराची मॅट आली आणि हनुमान दंडांच्या जोडीला बेंच प्रेस आला. पण एक काळजी दरवर्षी नव्याने डोके वर काढते. अकरा महिने घाम गाळून कमावलेली छाती तीस दिवसांच्या रोजांत उतरणार तर नाही?

ही भीती बरीचशी अनाठायी आहे. स्नायू वजनावर जगतो. त्याला अधूनमधून नेहमीच्या जवळपासचे वजन मिळत राहिले, पोटात प्रथिने गेली आणि झोप झाली, तर महिनाभरात तो फारसा हटत नाही. म्हणून जाणकार ट्रेनर रमजानात वजन फार उतरवत नाहीत, सेट कमी करतात. एरवी 80 किलोचे चार सेट मारणाऱ्याने 70-75 किलोचे दोन-तीन सेट मारावेत आणि आठवड्यातून तीन दिवस जिमला यावे, एवढे पुरे. या महिन्यात ताकद वाढवायची नसते, सांभाळायची असते.

खरा प्रश्न अन्नापेक्षा पाण्याचा असतो. रोजात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे भर दुपारी जड वजनाखाली जाणे म्हणजे चक्करेला आमंत्रण. इफ्तारच्या आधीच्या तासात हलका व्यायाम चालतो, कारण पाणी समोर दिसत असते. जड वजन मात्र इफ्तारनंतर, शक्यतो तरावीहनंतरच. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग नमाज, मग बेताचे जेवण. ताटातल्या भज्यांचा ढीग अर्ध्यावर आणला, तर हरभरे, अंडी, डाळ-गोश्त यांना जागा होते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. सहरीला तेलकट पराठ्यापेक्षा ज्वारीची भाकरी, दही आणि अंडी दिवसभर साथ देतात. रात्रीची झोप मोडते, ती भरून काढायला दुपारची डुलकी आहेच. उर्दूत तिला ‘कैलुला’ म्हणतात आणि ती सुन्नत मानली जाते. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचे दुखणे असणाऱ्याने मात्र रोजा आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे. शरीराचाही माणसावर हक्क आहे, हे हदीसनेच शिकवले आहे.

रोजा ठेवून उंची गाठणाऱ्यांची उदाहरणे आहेतच. अमेरिकेतील एनबीए बास्केटबॉलमध्ये हकीम ओलाजुवान रोजे ठेवून खेळत असे. फेब्रुवारी 1995 मध्ये, ऐन रमजानात, तो त्या स्पर्धेतला महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पण गल्लीतल्या पोराने त्याच्याकडून रोजाच्या दिवसांत विक्रम करण्याची जिद्द उचलण्यापेक्षा शिस्त उचलावी. कारण ‘ईदला नवा कुर्ता छातीवर ताठ बसला पाहिजे’ या ईर्षेने न पेलणारे वजन चढवणारेही याच महिन्यात दिसतात. रॉड छातीवर आपटून उसळीवर वर ढकलायचा आणि आकडा मित्रांना सांगायचा. त्यात खांदा जातो, कधी बरगडीला मार बसतो.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत अशी उसळी बाद ठरते. तिथे रॉड छातीपर्यंत आणायचा आणि स्थिर धरायचा. पंचाने इशारा दिल्यावरच वर ढकलायचा. इशाऱ्याआधी हललात, तर वजन उचलूनही ते उचलले नाही असे धरतात. त्या सेकंदभरात सगळे वजन छातीवर असते, अंगात बळ असते, तरी थांबायचे असते. इफ्तारच्या दस्तरखानावर बसलेल्याला हा क्षण ओळखीचा वाटेल. खजूर बोटांत असतो, सरबताचा पेला समोर असतो, अडवणारे कोणी नसते. तरी अजान होईपर्यंत हात तोंडाकडे जात नाही. रोजा ज्याला ‘नफ्स’वरचा ताबा म्हणतो, तो हाच. बेंचवरची ताकदही ढकलण्याइतकीच थांबण्यात दिसते.

आणखी एक गोष्ट बेंचपाशी दिसते. या बाकावर माणूस उताणा असतो, वजन थेट छातीवर आणि गळ्यावर. हात थकले तर उठताही येत नाही. म्हणून जड वजन एकट्याने मारू नये, हा पहिला धडा. डोक्यामागे कोणीतरी उभे राहायचे, रॉड अडला की दोन्ही हातांनी उचलायला मदत करायची. जिमच्या भाषेत याला ‘सपोर्ट’ म्हणतात. रोजा सोडून, तरावीह पढून आलेल्या थकलेल्या शरीराला तर तो हवाच.

तो सपोर्ट देणारा अनेकदा शेजारच्या गल्लीतला हिंदू मित्र असतो. अकरा महिने तो संध्याकाळी सहाला येतो, रमजानात आपली वेळ बदलून रात्री सव्वादहाला. त्याला कोणी सांगितलेले नसते. नवरात्रात हा नऊ दिवस उपवास करतो, तेव्हा त्याच्या सेटच्या वेळी मागे कोण उभे असते, हे दोघांनाही माहीत असते.

बाकावरचा पोरगा हात रॉडवर घट्ट करतो. मागून आवाज येतो, “घे, मी आहे.”