हरला तो घरी : बाद फेरीचं गणित

मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. स्पर्धेत ११ संघ आहेत. हरला तो बाद. विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? बहुतेक मुलं लगेच जोड्या लावायला घेतात, आणि अकरा विषम म्हणून पहिल्याच पायरीवर अडकतात.

हा प्रश्न मनानं रचलेला नाही बरं का! आज जिला आपण चॅम्पियन्स ट्रॉफी म्हणतो, ती आधी आयसीसीची नॉकआउट स्पर्धा होती. पहिली १९९८ मध्ये ढाक्याला झाली, ९ संघांची. दुसरी २००० मध्ये नैरोबीला, ११ संघांची.

उत्तर आहे १०. प्रत्येक सामना बरोबर एका संघाला घरी पाठवतो. विजेता सोडून दहा जणांना घरी पाठवायचं, म्हणून सामने दहा. ढाक्यात आठ. जोड्या लावायची गरजच नाही. हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

मग विषम संख्येचं काय? २, ४, ८, १६ या ओळीत अकराच्या पुढची संख्या १६. १६ वजा ११ म्हणजे ५ संघांना पुढे चाल. उरलेल्या सहांचे ३ सामने, तीन विजेते. पाच आणि तीन आठ, मग ४, २ आणि १ सामना. बेरीज करा, दहाच येते.

आता या गणिताची दुसरी बाजू. क्रिकेटचा प्रसार व्हावा, त्यासाठी निधी मिळावा, हा या स्पर्धेचा एक हेतू होता. म्हणून ती बांगलादेश, केनिया अशा ठिकाणी नेली. पण १९९८ मध्ये यजमान बांगलादेशाचा संघ स्पर्धेत नव्हताच! २००० मध्ये तो खेळला, इंग्लंडकडून हरला आणि एका सामन्यात परत. यजमान केनियाही भारताकडून पहिलाच सामना हरून बाहेर. पुढे अंतिम सामन्यात गांगुलीनं शतक काढलं, तरी केर्न्सच्या नाबाद १०२ धावांनी न्यूझीलंड जिंकलं. केनियाचे खेळाडू तोवर प्रेक्षकच.

२००२ मध्ये श्रीलंकेत पद्धत बदलली. १२ संघ, तिघांचे चार गट, म्हणजे प्रत्येकाला किमान दोन सामने. (तिथे पावसामुळे अंतिम सामना दोन दिवस सुरू करूनही निकाल लागला नाही, भारत आणि श्रीलंका संयुक्त विजेते ठरले. आपलं 'एक वजा' सूत्र अशा वेळी काय करणार?)

शाळेच्या क्रीडा सप्ताहात आपण वेळ वाचावा म्हणून सरसकट बाद पद्धत घेतो. आठवडाभर सराव केलेली निम्मी मुलं पहिल्या तासाभरात कडेला बसतात. मला ते खटकतं. समजा ६ वर्ग आहेत. बाद पद्धतीनं ५ सामने, पूर्ण साखळीनं १५. तिघांचे दोन गट केले, तर गटांत ६, उपांत्य २ आणि अंतिम १, म्हणजे ९. एक मैदान आणि तीन दिवस असतील तर रोज तीन सामने.