समुद्रपुष्पाचें गृहागमन

खानदेशास समुद्र नाहीं. जळगांवाहून मुंबई आगगाडीनें सुमारें सव्वाचारशें किलोमीटर दूर, आणि धुळेकरांचें पाणी म्हणजे पांझरेचें आणि तापीचें. तरीहि कृत्रिम समुद्रक्षार विकत मिळूं लागल्यापासून समुद्राचा एक लहानसा तुकडा आपल्या दिवाणखान्यांतील कांचपेटींत वसविणें येथेंहि शक्य झालें आहे. अशा पेटींत मासे रुळले, कीं घरांतील मुलांना ओढ लागते ती समुद्रपुष्पाची. इंग्रजींत ज्यास ॲनिमोन म्हणतात तें हें. नांव फुलाचें असलें तरी तो प्राणी आहे. त्यास मेंदू नाहीं, हाडें नाहींत. एक मुख, त्याभोंवतीं दंश करणाऱ्या शुंडिका आणि खडकास चिकटणारा एक पाय, एवढाच त्याचा संसार!

हा प्राणी किती जगतो, याविषयीं एक हकीकत ऐकण्याजोगी आहे. स्कॉटलंडमध्यें सर जॉन डॅलिएल यांनीं १८२८ सालीं किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून कांचेच्या भांड्यांत ठेविलें. डॅलिएल १८५१ मध्यें वारले; पुष्प मात्र एका पालकाकडून दुसऱ्याकडे जात १८८७ पर्यंत जगलें. लोक त्यास ‘ग्रॅनी’, म्हणजे आजीबाई, म्हणत. ती थंड समुद्रांतील जात. आपण पाळतों त्या उष्ण समुद्रांतील, आणि अधिक नाजूक. तेव्हां चार दिवसांची हौस म्हणून हा पाहुणा घरीं आणूं नये.

नवी सून यावयाची तर घर आधीं सारवावें लागतें. पेटी मांडल्याबरोबर तींत समुद्रपुष्प सोडूं नये. पाण्यांतील सूक्ष्म जंतूंचा क्रम स्थिर होण्यास सहा महिने ते एक वर्ष द्यावें.

आपल्या प्रांतांत खरा शत्रु वैशाखाचा उन्हाळा. जळगांव-भुसावळकडे पारा ४४ अंशांवर सहज चढतो, आणि या प्राण्यास मानवतें तें २४ ते २७ अंशांचें पाणी. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला, तर माठाच्या न्यायानें पाणी निवतें. परंतु पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि पेटी दिवसेंदिवस अधिक खारट होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. तें प्रमाण राखण्यासाठीं उडालेल्या पाण्याच्या जागीं गोडें पाणीच घालावें. तेंहि बोअरिंगचें जड पाणी नव्हे, तर आर. ओ. यंत्रांतून गाळलेलें. एवढें करूनहि पाणी तापत असेल, तर शीतयंत्र हवें. तें परवडत नसल्यास पुष्प आणूं नये. वीज जाईल तेव्हांसाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरीं असावा.

निवडतांना मुख घट्ट मिटलेलें आणि पाय न फाटलेला पाहावा. पांढरेंफटक पुष्प सुंदर दिसलें तरी घेऊं नये. त्याच्या देहांत राहणारें आणि प्रकाशावर अन्न तयार करून त्यास पोसणारें शेवाळ नाहींसें झाल्याची ती खूण होय. या शेवाळाशिवाय त्यास अधूनमधून कोळंबीचा कणहि द्यावा लागतो. ज्या घरांत तो आणणें रुचत नाहीं, त्यांनीं आधींच विचार करावा.

पुष्प घरीं येतांच त्याची पिशवी पंधरावीस मिनिटें पेटींत तरंगत ठेवावी. मग तें आपल्या पाण्यासह एका भांड्यांत घेऊन, तासभर तरी पेटींतील पाणी थेंबथेंब त्यांत मिसळावें. प्रवासांतील पाणी पेटींत ओतूं नये. दिवे मंद करावे, पंप थोडा वेळ थांबवावा, हातमोजे घालून पुष्प खडकाच्या खांचेजवळ अलगद टेकवावें, आणि पाय धरल्यावर पंप पुन्हां सुरू करावा. पंपाच्या तोंडास जाळी मात्र आधींच बसवावी. भटकतें पुष्प तेथें ओढलें गेलें, तर त्याच्या चिंधड्या होतात आणि साऱ्या पेटीचें पाणी नासतें.

पहिले कांहीं दिवस तें आकसेल, फुगेल, जागा बदलील. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. त्यास उपटून आपल्या आवडीच्या ठिकाणीं बसविणें, हाच मोठा अपराध. दुर्गंधि येऊन तें विरघळूं लागलें, तरच तत्काळ बाहेर काढावें.

शेवटीं एकच सूचना. रोज पाणी कोण पाहील, आणि सुट्टींत मंडळी गांवीं गेली तर मागें कोण राहील, हें पुष्प आणण्यापूर्वीं ठरवावें. एकत्र कुटुंबांत एक हात थकला तर दुसरा पुढें येतो. डॅलिएल यांचें पुष्प असेंच हातोहातीं जवळजवळ साठ वर्षें जगलें.