शिशाची नाणी

बँकेच्या नोकरीतली तीन वर्षे मी मराठवाड्यात, तेरजवळच्या एका शाखेत काढली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेरणीच्या तोंडावर एक म्हातारे शेतकरी माझ्या टेबलापाशी आले. धोतराच्या सोग्याची गाठ सोडून त्यांनी पाच-सहा काळपट नाणी पुढे ठेवली. "सायेब, पांढरीवर सापडली. ठिवून घ्या अन् बियाण्यापुरतं द्या."

सोने तारणासाठी बँकेने नेमलेले सराफ शेजारीच बसले होते. त्यांनी एक नाणे नखाने ओरखडले. "शिसं आहे," म्हणाले. मी हसलो. "बाबा, मासे धरायच्या जाळ्याला लावा," असेही बोलून गेलो. त्यांनी गाठ पुन्हा मारली आणि ते निघून गेले.

सातवाहनांची कितीतरी नाणी शिशाचीच असत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

तेर हे आज तेरणेकाठचे एक गाव. संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना माहीत असलेले. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात याच गावाचे नाव 'तगर' म्हणून येते. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार. परदेशातले पैसेही इथवर माहीत झाले असावेत, कारण रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकला तेरला सापडल्या आहेत. इथे मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. म्हणजे हे नाते किती जुने, पाहा!

हे सारे आपल्याला पाहायला मिळते ते गावातल्याच एका माणसामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर सापडणारे मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या, नाणी आयुष्यभर जमवली. मी ज्याला हसलो, ते त्यांनी जपून ठेवले. त्यांच्याच नावाने आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे.

निवृत्तीनंतर, काही वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या जागतिक वारसा सप्ताहात मी तिथे पुन्हा गेलो. शाळेची पोरे रांगेने आली होती. कुणी वहीत बाहुलीचे चित्र काढत होते, कुणी मणी मोजत होते. नातवाला घेऊन आलेल्या एक आजी एका मडक्यापुढे थबकल्या. "असलंच गाडगं आमच्या परड्यात निघालं होतं. पोरांनी खेळून फोडलं." त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती, नुसती ओळख होती. शिक्षकांनी तो धागा पकडला. "कुणाच्या घरी असं काही सापडलंय?" आधी एक हात वर झाला. मग दहा-बारा.

अशा कार्यक्रमांचे खरे काम हे आहे, असे मला वाटते. भाषणे आणि हारतुरे कुठेही होतात. पण जिथे नांगराच्या फाळाला इतिहास लागतो, तिथे राखणदार किती नेमणार? दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. तो कायदा मी अधिकारी असूनही वाचला नव्हता. मग शेतकऱ्याने तो कुठून वाचावा? काचेपुढे उभे राहून "हे आमच्याकडेपण आहे" असे म्हणणारे पोर मात्र उद्या सापडलेले नाणे भंगारात घालणार नाही.

एका कपाटात शिशाची नाणी होती. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. एका मुलाने विचारले, "आजोबा, ह्याची किंमत किती हो?"

पस्तीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी चटकन दिले होते. या वेळी त्याला म्हटले, "ते मलाही शिकायचंय. चल, सरांना विचारू."